श्वास मागणाऱ्या सिस्टरबाई

“थांबा, आधी त्यायले आठवू, मंग जेवू,” असं म्हणत सिस्टरबाई समोरचं ताट हलकेच बाजूला सरकवायच्या. वांग्याची भाजी निवत असायची, आम्ही बायका एकमेकींकडे बघत असायचो आणि त्या डोळे मिटून जगभर फिरून यायच्या.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी सिस्टरबाई दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन भंडाऱ्यात आमच्या गल्लीत राहायला आल्या. आमची गल्ली विणकरांची, दिवसभर मागांचा खडखडाट. त्यात हे एकच ख्रिस्ती घर. बाई एकट्या, पण घर कधी रिकामं नसायचं. त्या पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि त्यातलं दुःख संध्याकाळच्या प्रार्थनेत आणायच्या.

एकदा दूरच्या कुठल्याशा देशात विषारी वायूचे बॉम्ब टाकल्याची बातमी आली. झोपेतच लेकरं गेली होती. त्या दिवशी बाई जेवल्याच नाहीत. “देवबापा, जे गेले त्यायले तुह्याजवळ घे. जे राहिले त्यायले श्वास दे.”

मी विचारलं, “बाई, तो देश तुम्ही पाहिला का?”

“देश नाही पाहिला. पण छातीच्या वॉर्डात नोकरी केली ना मी! श्वासासाठी तडफडणारा माणूस पाहिला, का तो कोणाचा हाय हे कोणी विचारत नाही.”

माझ्या सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही तुमच्या येशूले सांगा, मी माह्या महादेवाले सांगतो. एक तरी ऐकन.”

बाई हसून हसून लाल झाल्या. “दोघंही ऐकतात, आपणच हळू बोलतो!”

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मागितलं, “आजच्या काळातही ज्यायले कोंडून राबवून राहिले, त्यायचं दार उघड.” अड्याळहून भाजी विकायला येणारी विमला टोपली टेकवून ऐकत उभी होती. ती एकदम रडायला लागली.

“सिस्टर, माही सुमन तशीच हाय.”

सुमन एका ठेकेदाराबरोबर परराज्यात पापडाच्या कारखान्यात गेली होती. तिथे पोरींचे फोन काढून घेतले, बाहेर कुलूप लावलं. कुणाच्या तरी फोनवरून एकदाच आईशी बोलली, तेवढंच. “लाजेपायी कोणाले सांगतलं नाही,” विमला म्हणाली.

बाईंनी “आमेन” म्हटलं आणि चपला शोधायला लागल्या.

“बाई, ऑफिस बंद झालं असेल आता!” मी म्हटलं.

“मंग सकाळी जाऊ. देवाले सांगून झालं, आता साहेबाले सांगू.”

कलेक्टर ऑफिसात कारकून म्हणाला, “अर्ज ठेवून जा, पाहू.”

“तुम्ही पाहा. आमी बसतो,” असं म्हणून बाई विमलाला घेऊन बाकावर बसल्या. डबा उघडून कारकुनालाही पोहे दिले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी साहेबांनी स्वतः त्या राज्यातल्या पोलिसांना फोन लावला. छापा पडला, कुलूप तुटलं.

सुमनला घेऊन पोलीस भंडाऱ्याला पोचले तेव्हा दुपार होती. विमलाने तिला कवटाळलं. बाईंनी सुमनला विचारलं, “काय खातं, बेटा?”

“झोपतो, बाई. कोणी उठवू नका.”

तुम्ही आमच्या गल्लीत त्या दुपारी असायला हवं होतं. बाई दारोदार फिरल्या आणि सगळे माग थांबले. सुमन बाईंच्या घरात झोपली आणि अख्खी गल्ली कुजबुजत बोलत राहिली.

उठल्यावर प्रार्थनेत तीच मध्ये बोलली, “अजून दोघी हायेत, बाई. त्यायले दुसरीकडं नेलं. मंगला अन् फुलो.” तेव्हापासून ती दोन नावं रोज घेतली जायची. पुढच्या साली मंगलाचा फोन आला, घरूनच. फुलोचं नाव बाई शेवटपर्यंत घेत राहिल्या.

आता बाई नाहीत. त्या गेल्या तेव्हा चर्चमध्ये आमची गल्ली मावत नव्हती. मला मात्र त्या दिसतात सुमनच्या लग्नातल्या. अड्याळला मांडव पडला होता. अंतरपाट धरला गेला. भटजींनी हाक मारली, “मुलीचा मामा कुठे आहे?” विमलाला भाऊ नव्हता.

तेवढ्यात सिस्टरबाई पदर खोचून उठल्या. शेजारच्या पाहुण्याच्या डोक्यावरचा गुलाबी फेटा उचलून त्यांनी आपल्या पांढऱ्या केसांवर बसवला आणि ओरडल्या, “आलो, आलो! मामा आला!” सुमनचा हात धरून त्या अशा ऐटीत निघाल्या की बँडवाल्यांनी वेळेआधीच वाजवायला सुरुवात केली.