खाट चौदाची जुनी ओळ

आमची ताई हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरची झाडलोट करते. ती म्हणते, "डेटाबेस सांभाळते." मी लिफ्टवाला, मला झाडलोटच कळते. खाटेची नोंद बदलली की नवी ओळ लिहिली जाते, जुनी तिथंच पडून राहते. मागाहून सफाईचा प्रोग्राम ती उचलतो. पण कुणी यादी उघडून तशीच सोडली, तर त्या यादीला तेव्हाचंच जग दिसत राहतं आणि तेव्हापासूनचा सगळा कचरा अडून बसतो.

म्हणून ताई हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागलेली. दर मिनिटाला बदलणारे आकडे तिनं वेगळ्या छोट्या तक्त्यात हलवले, निम्मं ओझं उतरलं. तासाभराहून जास्त उघडी राहिलेली यादी आपोआप बंद व्हावी, असा नियमही केला. सूट फक्त स्वतःला!

आई गेली आणि चौथ्या दिवशी ही बया कामावर हजर. डोळ्यांत टिपूस नाही. माझं टाळकंच सरकलं. तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललो नव्हतो.

आज अकरालाच बोंबाबोंब. डिस्क भरत आलेली. ती भरली की नवा पेशंट दाखल करता येणार नाही. खाली रांग, स्ट्रेचरवर एक म्हातारा कण्हतोय. साहेबांनी मला वर पिटाळलं.

"आवर लवकर! खाली माणूस कण्हतोय," मी दारातूनच ओरडलो.

ती फोनवर चारही मजल्यांची खरडपट्टी काढत होती. "कुठल्या गाढवानं यादी उघडी ठेवलीय?" मग तिनं नाव शोधलं आणि फोन ठेवून दिला. चोवीस दिवस उघडी. नाव तिचंच.

तिनं पडद्यावरच्या खिडक्या एकेक बाजूला केल्या. सगळ्यांत खाली ती यादी. खाट चौदा. आईचं नाव. प्रकृती स्थिर.

आई गेली त्या दुपारी खालच्या वॉर्डातून मीच तिला फोन केला होता, "ताई, धावत ये." हे बघत असतानाच ती उठून धावली होती.

"बंद केलं की काय होईल?" मी विचारलं.

"जाईल. कायमचं."

फोन खणखणत होता. मला काय झालं कुणास ठाऊक. "ताई, पाच मिनिटं राहू दे ना गं."

"खाली माणूस कण्हतोय, तूच म्हणालास ना?" तिनं बटण दाबलं.

कचऱ्याचा आकडा भराभर उतरला. तिनं नियमातली स्वतःची सूटही काढून टाकली. लिफ्टची घंटा वाजायला लागली तरी माझा पाय निघेना.

"जा रे, लिफ्ट अडवू नकोस," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.