ओल्या घराचा पत्ता

ऑकलंडच्या आमच्या सरकारी खात्याला एका वेबसाइटचं नाव ठरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझ्या पुण्याच्या चुलतबहिणीने मुलीचं लग्न जमवलं, लावलं आणि मांडवपरतणंही उरकलं. पत्त्याच्या शेवटी 'गव्ट डॉट एनझेड' हे शेपूट असणार, ते ठरलेलं असतं. ते खाजगी माणसाला मिळत नाही, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास. भांडणं होतात ती त्याच्या आधी काय लावायचं यावरून. प्रत्येक खात्याला तिथे आपलीच आद्याक्षरं हवी असतात, आणि वेलिंग्टनचं एक ऑफिस विचारत असतं, की बाबांनो, लोकांना यातून काय कळणार? त्या ऑफिसने हो म्हटलं तरच नाव मिळतं.

अकरा वर्षं मी हेच काम करतेय. त्यामुळे नवी योजना आली तेव्हा नाव मीच काढणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं, मी तर धरलेलं होतंच. योजना साधी होती. भाड्याच्या घरात ओल येत असेल, भिंतीला बुरशी धरत असेल, तर भाडेकरूने वेबसाइटवर कळवायचं आणि मग खात्याचा माणूस येऊन घर तपासणार. मी नाव काढलं 'थ्राइव्ह ॲट होम'. मॅनेजरला आवडलं. मला तर इतकं आवडलं की गाडी चालवताना मी ते पुटपुटत असे.

मग ती आली, एका वर्षाच्या कंत्राटावर. लातूरकडची. इथे शिकायला आली आणि शिकता शिकता एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरला उभी राहिली. मनुरेवात, म्हणजे ऑकलंडच्या एका गरीब उपनगरात, तीन मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहायची. मी पुण्याहून थेट स्किल्ड व्हिसावर आलेली, फ्लॅट बुशच्या नव्या वस्तीत चार बेडरूमचं घर असलेली. हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात रोज चालू असायचा, म्हणून सांगून टाकते.

ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तिने मात्र पहिल्याच दिवशी मला 'ताई' केलं. आणि दुसऱ्या दिवशी किचनमध्ये कप विसळताना सरळ सांगितलं, "ताई, वर्ष संपलं की पर्मनंट पोस्ट निघणारे. अर्जात एक तरी काम माझ्या नावावर दाखवता यायला हवं. नाहीतर व्हिसाचं पुन्हा सगळं पहिल्यापासून. काही असेल तर सांगा ना."

मी म्हटलं, "बघू."

काही दिवसांनी मी तिला माझं नाव दाखवलं. कौतुक करून घ्यायला, दुसरं काही नाही.

"ताई, एक बोलू का? हे वाचून मला वाटलं जिम आहे."

"मग तुझ्या मते काय असावं?"

"डॅम्प हाउस. आमच्या घरात बुरशी आली तेव्हा मी फोनवर तेच टाइप केलं होतं. थ्राइव्ह-बिव्ह कोणाला सुचतंय तेव्हा."

मी हसले. "आणि उद्घाटनाला मंत्र्यांना काय त्या ओलीच्या पाटीखाली उभं करणार?" असंही म्हणाले. पण माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, कारण तिचं बरोबर होतं आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. चुकीचं असतं तर मी तिला किती प्रेमाने समजावलं असतं.

लोकांनाच विचारू या, ही कल्पनाही तिचीच. आम्ही मनुरेवाच्या लायब्ररीत गेलो. तिने कागदाच्या चिठ्ठ्या कापून आणल्या होत्या. घरात ओल आली तर तुम्ही फोनवर काय शोधाल, एवढंच लिहून द्यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती "किया ओरा" असा माओरी नमस्कार करायची आणि माणसं थांबायची. एका आजींनी तर तिला शेजारी बसवून घेतलं आणि बाथरूमचं छत कसं काळं पडलंय, नातू रात्रभर कसा खोकतो, ते हात धरून सांगत राहिल्या. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून पुस्तकांच्या रॅकपाशी उभी. माझ्याकडे दोनच जण आले, त्यातल्या एकाला टॉयलेट कुठे आहे ते हवं होतं.

चिठ्ठ्या आम्ही तिथेच वाचल्या. कोणी डॅम्प लिहिलं होतं, कोणी मोल्ड, बहुतेकांनी डॅम्प हाउस. थ्राइव्ह कोणीही लिहिलेलं नव्हतं.

परत जाताना तिला जेवायला घरी नेलं. न नेणं बरं दिसलं नसतं. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. जन्मल्यापासून मी तिच्याशी मराठी बोलतेय आणि ती मला इंग्रजीत उत्तर देतेय. त्या दिवशी ती या मुलीला दारापर्यंत सोडायला गेली आणि अडखळत मराठीत म्हणाली, "तू परत कधी येशील?" मी ओट्यापाशी उभी होते. असा जळफळाट झाला माझा की वरणाचं पातेलं मी दोनदा घासलं.

थ्राइव्हचा हट्ट मी सोडला. एवढी चिठ्ठ्यांची चवड समोर असताना तो धरणं म्हणजे हसं करून घेणं. मोठ्या मीटिंगमध्ये 'डॅम्प हाउस' मीच मांडलं, कारण मी सीनियर. स्लाइड्स तिने केल्या होत्या. आजींची गोष्ट मी सांगितली, आणि चांगली सांगितली. मॅनेजर खूष झाला. लायब्ररीत जायचं कोणाच्या डोक्यात आलं, असं त्याने विचारलं.

ती टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"द टीम," मी म्हटलं.

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास, आणि पुढच्या विषयाकडे वळला.

वेलिंग्टनच्या ऑफिसला पाठवायच्या फॉर्मवर एक चौकोन असतो. हे नाव कोणी सुचवलं आणि त्याबद्दल कोणाला विचारायचं, ते तिथे लिहायचं. मॅनेजर म्हणाला, तूच मांडलंस, तुझंच टाक. मी टाकलं. कोणी माझा हात धरून लिहायला लावलं नव्हतं.

लिफ्टमध्ये ती म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही बोललात. माझं कोणी ऐकलं नसतं." मनापासून म्हणाली. त्याचाच मला जास्त राग आला. तिने निदान एकदा तोंड वाकडं करायला हवं होतं.

आठवड्याभरात वेलिंग्टनहून ईमेल आला. सरकारी सेवेला असं उदास नाव का, ते समजावून सांगा. फॉर्मवर माझं नाव, तेव्हा ईमेल मला. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. ती त्या आठवड्यात खोकल्याने घरी होती. मी तिला मेसेज केला, तू काय लिहिलं असतंस? अर्ध्या तासात तिचं इंग्रजीत उत्तर आलं. अडचणीत असलेल्या माणसाला उपायाचं नाव माहीत नसतं, त्याला फक्त आपल्या अडचणीचं नाव माहीत असतं, तेव्हा पत्ता त्या अडचणीच्याच नावाचा हवा. असं बरंच काही, साधं आणि नेटकं. मी ते जसंच्या तसं पाठवलं. खाली सही माझी.

दुसऱ्या दिवशी नाव मंजूर झालं. तुमचं टिपण इतर खात्यांना नमुना म्हणून दाखवायचं आहे, तुमच्या नावासकट दाखवलं तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं. मी 'ऑफ कोर्स' लिहिलं.

दुपारी तिचा मेसेज आला. "ताई, झालं का अप्रूव्ह?"

"झालं."

"मस्त! पर्मनंटचा अर्ज शुक्रवारी पाठवतेय. फॉर्मवर माझंही नाव आहे असं लिहू ना त्यात?"

तो चौकोन बदलता येतो. एक ईमेल टाकला की दोन मिनिटांचं काम. दुसऱ्यांसाठी मी ते कितीतरी वेळा केलेलं आहे. मी लिहिलं, "फॉर्मवर एकच नाव बसतं गं."

"हो का. बरं ताई."

मी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला. तिने अर्जाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला होता. शिफारस करणाऱ्या व्यक्तीच्या जागी तिने माझं नाव दिलं होतं आणि खाली कारण लिहिलं होतं, की माझं काम सगळ्यात जवळून यांनी पाहिलं आहे.