खाली न ठेवलेली ज्योत

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळाची माणसं देवीची ज्योत आणायला जातात. कल्याणच्या पलीकडे एका किल्ल्यावर देवीचं ठाणं आहे. तिथल्या समईवर पेटवलेली ज्योत धावत आंबिवलीपर्यंत आणायची. वाटेत ती विझता कामा नये, जमिनीला टेकता कामा नये. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची.

त्या वर्षी गडावरून ज्योत उतरवायचा मान माझ्या नवऱ्याला मिळाला. पंचेचाळिशीचा माणूस, पोट सुटलेलं, माजिवड्याच्या एका गोडाऊनमध्ये दिवसभर बसून काम. महिनाभर हे पहाटे उठून मशालीऐवजी लाटण्याला ओलं फडकं बांधून मोहन्याच्या बंद कंपनीच्या भिंतीकडेने धावायचे. मी म्हणायची, "अहो, देवी म्हणेल, ज्योत राहू दे, आधी याला कुणीतरी उचला." ते हसायचे. लाटणं काही सोडायचे नाहीत, आणि मी स्टीलच्या पेल्याने पोळ्या लाटत बसायची.

आम्ही चार-पाच बायकाही बरोबर गेलो होतो. गडाच्या पायऱ्या एका ठिकाणी कड्याला चिकटून वळतात. तिथे वर कपारीत आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात, सुपाएवढी, काळी. दरवर्षी असतात. दरवर्षी आम्ही त्यांना हात जोडून पुढे जातो. देवीच्या माश्या आहेत, देवीच्या माणसाला काही करत नाहीत, असं आमच्यात सगळे म्हणतात. मीही म्हणायची. पायथ्याशी फलक आहे, धूर करू नये, अत्तर लावून वर जाऊ नये. तो ट्रेकला येणाऱ्या पोरांसाठी लावलाय, असं आम्ही धरून चाललो होतो.

आधी ज्योत वरून कंदिलात आणायचे आणि मशाल पायथ्याशी पेटवायचे. त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी ठरवलं, मशाल वरच पेटवायची. उतरताना व्हिडिओ चांगला येतो म्हणे. कुणी नको म्हटलं नाही. माझा नवरा तर नवा झब्बा घालून आला होता.

वारा पडलेला होता. मशालीचा काळा धूर वर जायच्याऐवजी कपारीत साठत गेला. आधी आवाज आला, पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा. पुढच्या माणसाने हातातला फोन टाकला आणि तोंडावर हात घेऊन पळाला, तेव्हा मला कळलं.

सगळे खाली पळाले. मी पदर डोक्यावरून ओढला आणि मागे बघितलं. हे मशाल घेऊन वळणावरच उभे होते.

"अहो, टाका ती!"

"कुणीतरी घ्या रे," ते म्हणत होते. "घ्या ना कुणीतरी."

घेणार कोण? प्रत्येकाचे दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर. मी वर जाऊन दांडा धरला, म्हटलं द्या, मी फेकते. त्यांनी मशाल माझ्या हाताला लागू नये इतकी उंच धरली. म्हणाले, "खाली नाही टेकवायची गं." त्यांच्या कानावर, मानेवर माश्याच माश्या होत्या आणि धूर त्यांच्याच डोक्यावरून जात होता. मग वरून कुणाचा तरी धक्का लागला आणि मी पायऱ्यांवरून घसरत गेले. कुणीतरी मला ओढत खाली नेलं.

ते आले ते स्वतःच्या पायांनी. मशाल तोवर विझली होती. दांडा मुठीत होता आणि बोटं इतकी सुजली होती की मूठ सोडवायला दोघं लागले.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, काटे काढलेत, पण विष फार गेलंय, किडन्या सांभाळायला हव्यात. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भेटायला आले. यांचे डोळे उघडत नव्हते. आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "ज्योत पोचली का?"

"पोचली दादा. टायमावर पोचली."

हे हसले. सुजलेल्या तोंडाने हसले. मला वाटलं, त्या गोंधळातून कुणीतरी परत वर गेलं असेल, समईवरून पेटवून आणली असेल. त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले. दसऱ्याच्या आत हे गेले.

पुढच्या श्रावणात अध्यक्ष घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "वहिनी, यंदा ज्योतीचा मान तुमच्या मुलाला द्यायचं ठरलंय. दादांची आठवण म्हणून." माझा मुलगा कॉलेजात आहे. तो लगेच सरसावून बसला. बापासारखंच आहे त्याचं, मान म्हटलं की झालं.

मी विचारलं, "त्या दिवशी परत वर कोण गेलेलं?"

"वर कोण जाणार, वहिनी? माश्या होत्या ना. हायवेला पेट्रोल पंपाच्या अलीकडे थांबलेलो, तिथेच पेटवली. लायटरने. इकडे ढोलवाले येऊन बसलेले, लोक खोळंबलेले."

"लायटर कुणाचा?"

"दादांचाच. त्यांना गाडीत घालताना खिशातून पडलेला."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, मग देवी काही म्हणाली का, कोपली का? ते म्हणाले, नाही, कार्यक्रम व्यवस्थित झाला.

"मग यंदाही पंपाजवळच पेटवा," मी म्हटलं. "माझा मुलगा येणार नाही."

ते गेल्यावर मुलगा माझ्याशी भांडला, मी बापाची किंमत ठेवली नाही म्हणाला. मी त्याला बोलू दिलं. मला राग येतो तो माश्यांचा नाही, अध्यक्षांचाही आता फारसा येत नाही. यांचा येतो. त्या वळणावर ते उभे होते, मी ओरडत होते, आणि लायटर त्यांच्या खिशात होता.