गेरूची खूण

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क चिंचेच्या झाडाखालून जाताना रामनाम घ्यायचे, तर मी मुद्दाम त्यांना चहाला त्याच झाडाखाली न्यायचो. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला भाबडा म्हणू नये... म्हटलं तरी आता या वयात काय बिघडणार म्हणा!

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, नागपूरची. टीव्ही तेव्हा नुकताच लोकांच्या घरात शिरत होता. मी दिवसा सरकारी ऑफिसात क्लार्क आणि संध्याकाळी घाटे सरांचा सहायक. घाटे सर नट घडवायचे. रंगमंचासाठी तर शिकवायचेच, पण म्हणायचे, "उद्या कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं आहे, आजपासून सवय करा." कॅमेरा कुठला आणणार? वनस्पती तुपाचा रिकामा डबा स्टुलावर आडवा ठेवायचे आणि पोरांना त्याच्यापुढे बोलायला लावायचे. आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत.

त्यांचा सगळ्यात कडक धडा खुणेचा. नटानं कुठं उभं राहायचं त्या जागी जमिनीवर खूण करायची, कारण प्रकाश आणि कॅमेरा तिथंच रोखलेला असतो. विंगेतून निघण्याआधी खूण हेरून ठेवायची, मग खाली न बघता नेमकं तिच्यावर जाऊन थांबायचं. "आणि एकदा उभं राहिलं की बापानं हाक मारली तरी हलायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरांची खूण गेरूची असायची. खडू बुटांनी पुसला जातो म्हणून गेरूचा खडा ते खिशात बाळगायचे. एक आडवी रेघ, तिच्या मधोमध एक उभी, आणि उभ्या रेघेचं टोक किंचित डावीकडे वळलेलं.

त्या वर्षी सरांकडे सुनंदा गावंडे आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांची नरखेडकडे संत्र्याची बाग, पण मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड शहरात, नंदनवन वस्तीत केलेलं. पोरीच्या आवाजात काहीतरी होतं, ती बोलायला लागली की खोलीत कोणी खोकायचं नाही. पण गावंडे काकांना नाटक नको होतं. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो, तीनदा चहा पिऊन परत आलो. चौथ्यांदा ते म्हणाले, "तुह्या भरवशावर पाठवून राहिलो गा, प्रभाकर. पोरीले काही झालं त तिच्या मायले मी काय सांगू?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काका, जबाबदारी माझी.

प्रयोग रविवारी दुपारी तीनचा, एका शाळेच्या हॉलमध्ये. खिडक्यांना काळे पडदे लावून अंधार केलेला. आणि नेमके त्याच दिवशी सकाळी सरांच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स! दुपारी ऑपरेशन ठरलं. घाटे वहिनींचा निरोप आला की प्रयोग थांबवू नका, सर म्हणतात प्रभाकर सांभाळेल.

दोन वाजता मी स्वतः ओल्या फडक्यानं स्टेज पुसलं. माझ्याकडे गेरू नव्हता, म्हणून शाळेच्याच पांढऱ्या खडूनं खुणा केल्या. सुनंदाची खूण स्टेजच्या मध्यावर काढली, आणि वरच्या लोखंडी पाइपला हुकानं टांगलेला मोठा स्पॉटचा दिवा त्या खुणेवर रोखून घेतला.

शेवटच्या प्रवेशात तिचं एकटीचं लांब भाषण होतं. ती आली, चालली आणि खुणेच्या तीन हात अलीकडेच थांबली. प्रकाशाचं वर्तुळ एकीकडे, मुलगी दुसरीकडे! चेहरा अंधारात. माझं डोकंच फिरलं. एवढी महिनाभराची मेहनत, आणि ऐन वेळी हिनं माती खाल्ली. विंगेतून मी हात करायला लागलो... सरक, उजेडात सरक. तिला दिसत होतं, मला खात्री आहे. पण ती ढिम्म. मी दात-ओठ खात आणखी पुढे झालो, जवळजवळ स्टेजवरच गेलो.

तेवढ्यात वरून कट्‌ असा आवाज झाला आणि तो स्पॉट खाली आला. थेट त्या रिकाम्या वर्तुळात. काचा उडाल्या, फळी फुटली.

सुनंदा जागची हलली नाही. मग राहिलेली दोन वाक्यं तिनं म्हटली आणि पडदा पडला. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. टाळ्या थांबेनात.

मी धावत गेलो. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. माझ्या पांढऱ्या खुणेवर ते धूड पडलं होतं. आणि सुनंदाच्या पायाखाली गेरूची खूण होती. आडवी रेघ, उभी रेघ, टोक डावीकडे वळलेलं.

मी विचारलं, ही कुठून आली? ती म्हणाली, "मले तं हेच दिसली, दादा. पांढरी दिसलीच नाही. तुम्ही हात करून राहिले होते तेही दिसलं, पण सरांनी सांगितलं ना, हलायचं नाही."

तुम्ही म्हणाल, कोणीतरी काढली असेल. मीही हेच म्हणत एकेकाला विचारत सुटलो. नाटकातल्या आठही जणांनी आईची शपथ घेतली. बरं, काढली तरी कशाला? आणि वरचा हूक झिजलाय हे कोणाला ठाऊक होतं?

बाहेर गावंडे काका स्कूटर घेऊन उभे होते. मी सुनंदाला त्यांच्यापर्यंत पोचवलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. ते बघतच राहिले. "रडून काहून राहिला गा? नाटक बिघडलं का?"

"नाही काका," मी म्हटलं, "फार चांगलं झालं." इतका हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. ऑपरेशन छान पार पडलं होतं. सकाळपासून सर दवाखान्यातच होते आणि तीन ते साडेचार टेबलावर बेशुद्ध होते, हे मी नर्सला दोनदा विचारून घेतलं. त्यांची बोटंही चोरून पाहिली. स्वच्छ होती, स्पिरिटचा वास येत होता. सरांना सगळं सांगितलं तर ते गेरूबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "तू तिले उजेडात बोलावत होता?"

मी हो म्हटलं.

आज मीच पोरांना शिकवतो, खऱ्या कॅमेऱ्यापुढे. ती खूण कोणी काढली ते मला अजून माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण विंगेत उभा राहिलो की मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवतो. त्या दुपारी मी एका बापाच्या मुलीला मरणाकडे बोलावत होतो, जीव तोडून बोलावत होतो. तिनं माझं ऐकलं नाही, देवाची कृपा.