आडातली पोरगी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. चाळिशीतली बाई, दोन लेकरांची आई, शाळेत अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारी मास्तरीण — आणि पोरांच्या एका भुताच्या पुस्तकापायी... पण थांबा, आधी मंगलचं सांगते.

सिरसाळ्याजवळच्या एका गावात मी शिकवत होते. दुष्काळाचं साल. दसरा झाला तशा टोळ्या ऊस तोडायला कारखान्यांकडं निघाल्या. सातवीतली मंगलही आईबापाबरोबर निघाली होती. आदल्या दिवशी ती शाळेच्या पेटीतलं पुस्तक परत करायला आली. एक पोरगी कोरड्या आडात उतरते, खाली बिनसावलीची म्हातारी तिला ठेवून घेते, आणि वरून कुणी नाव घेऊन हाक मारली तरच पोरगी वर येऊ शकते — अशी ती गोष्ट. मंगलची अर्धीच वाचून झाली होती.

"बाई, संगं नेऊ का? लई भारी हाय."

मी नाही म्हणाले. नियम म्हणजे नियम! तिनं मुकाट्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं.

आणि मी? पेटीत ठेवलं का? चाळायला म्हणून घरी नेलं. दूध सोसायटीपुढं टँकर यायचा. बायका घागरी रांगेत मांडून सावलीला बसायच्या, मी वर्तमानपत्राच्या आड ते पुस्तक वाचायचे. भर दुपारी अंगावर काटा. रांग सरकायची, माझी घागर तिथंच, बायका ओरडायच्या. किती वर्षांनी मला अशी भीती वाटली — आणि किती आवडली ती! संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. परत करवेना.

उन्हाळ्यात हेडमास्तरांनी पेटी तपासली. एक पुस्तक कमी. स्टाफसमोर त्यांनी विचारलं. 'माझ्याकडं आहे' — एवढंच तर म्हणायचं होतं. पण बाई लेकरांचं भुताचं पुस्तक वाचतात म्हणून सगळे हसले असते. मी म्हणाले, मंगलनं नेलं असेल. जो गावात नाही त्याच्या डोक्यावर खापर फोडायला काय लागतं?

कारखाना बंद झाला, टोळी परतली. हेडमास्तरांचा निरोप गेला आणि मंगलचा बाप तिला घेऊन शाळेत आला.

"बाई, लई मारलं हिला," तो म्हणाला. "बाईंकडंच दिलं म्हनती. तुमचं नाव घेती, म्हून आजून मारलं. माफी करा."

मी मान हलवली. त्याला माफ केल्यासारखी.

मंगल रडत नव्हती. माझ्याकडं बघत तिनं एवढंच विचारलं, "बाई, ती पोरगी वर आली का?"

तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिनं मला एक वाट ठेवली होती.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "मी कुठं वाचलंय ते?"

जूनमध्ये ती शाळेत आली नाही. पुढच्या दसऱ्याला तिच्याही हाती कोयता होता.

पुस्तक अजून माझ्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या तळाशी. शेवटच्या पानावर वरून कुणीतरी नाव घेतं आणि ती पोरगी वर येते.

मंगलचं नाव मी एकदाच घेतलं. हेडमास्तरांपुढं.