आधी पोरगं, मंग बाप

काल घरभर शेंगा भाजल्याचा वास पसरला होता आणि माझी लेक मोबाइलवर अंतराळातल्या लढायांचा सिनेमा लावून बसली होती. "बाबा, हा भाग नंतर निघाला, मग ह्यातली गोष्ट आधीची कशी?" तिनं विचारलं, आणि मी मनानं थेट वाटूरला आत्याच्या ओसरीवर जाऊन पोचलो.

हीच मालिका मी तिथं भाड्याच्या सीडीवर, हिंदीतून पाहिली होती. शेजारी आत्या सुपात भाजलेल्या शेंगा घेऊन फोडत बसली होती. जुन्या भागातला म्हातारा सरदार नव्या भागात शाळकरी पोरगा होऊन आला, तसा मी चिडलो. "आत्या, हे उलटंच दाखवून राह्यलेत! आधीचं आधी नको का?"

आत्याची नजर टीव्हीवरून हलली नाही. "उलटं कशाचं? गावात नवं पोरगं दिसलं की आपन काय इचारतो? 'कोनाचं रं तू?' आधी पोरगं दिसतंय, मंग बाप इचारावा वाटतो. पोरगंच बघितलं न्हाई, तर बापाची चौकशी कोन करतंय?" असं म्हणून तिनं माझ्या हातावर गरम दाणे ठेवले.

तेव्हा मला ते आत्याचं काहीतरीच वाटलं होतं. काल मात्र लेकीला मी 'आमची आत्या म्हणायची' म्हणत तेच सांगितलं, आत्याच्याच बोलीत. लेकीच्या जन्माआधीच आत्या गेली. ते ऐकून लेक खूप हसली. मग सिनेमा थांबवून, शेंगा पुढ्यात ओढत म्हणाली, "बाबा, ही आत्या कोण होती?"