गंगक्काचं मडकं

सुमनचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या माझ्या दुकानात बियाण्यांची पाकिटं लावत होतो. "दादा, अक्का गेली... झोपेतच." अक्का म्हणजे तिची सासू, बाजारकुणंग गावची गंगक्का, माझं जुनं गिऱ्हाईक. आदल्याच दिवशी ती माझ्याकडून जिवाणूंची पुडी घेऊन गेली होती. बस सुटतानाही खिडकीतून "तारीख बघून दिलीस न्हवं?" म्हणून दटावलं होतं तिनं. अशी बाई जाईल कशी, हेच मला पटेना.

चार वर्षांपूर्वी तिची मिरचीची रोपं दोन पानांवर आली की बुडाशी कुजून माना टाकायची. रामनगरच्या बाजारात तिच्याकडं रोपं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतायचं. "यंदा मेली तर वाफाच मोडते," असं म्हणाली तेव्हा मी मुळं राखणाऱ्या जिवाणूंची पुडी दिली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ही जित्ती हाईत बरं का. पंधरा दिवसांनी बाई भांडायलाच आली. रोपं पुन्हा गेली होती. आमच्याकडे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण जाळून राब करतात. मी विचारलं, पुडी कधी टाकलीस? "राब गरम असतानाच की. बाळंतिणीच्या पोराला शेक देतोय, मग ह्यास्नी ऊब नको व्हय?" मी कपाळावर हात मारला. अगं, जित्ते जीव त्या धगीत मेले की! "म्हंजे मीच भाजलं त्यास्नी," ती म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

तेव्हापासून राब आधी उरकायचा आणि वाफा गार झालाय का ते तळहात टेकवून बघायचं, ही तिची रीतच झाली. तोवर जुन्या मडक्यात कुजलेल्या शेणखतात पुडी कालवून, ओलं पोतं झाकून, सावलीत पंधरा दिवस ठेवायची. त्या वर्षी अर्धा वाफा मुद्दाम बिनपुडीचा ठेवला. तिकडची रोपं लोळली, इकडची ताठ उभी! तिनं एक उपटून माझ्या हातावर ठेवलं. पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा झुबका बघून मीच तिच्यापेक्षा जास्त ओरडलो. तिनं अख्खी वाडी गोळा केली आणि प्रत्येकाला मुळ्या दाखवल्या.

बाराव्याला गेलो तेव्हा सुमन मला परसात घेऊन गेली. मडकं तिथंच होतं. जायच्या आदल्या संध्याकाळीच अक्कानं पुडी कालवली होती. सुतकात शेतीच्या कामाला हात लावत नाहीत, म्हणजे पोतं वाळून आतले जिवाणू मेलेच असणार, म्हणून मी ते चाचपलं. पण पोतं ओलं होतं. "मी रोज पाणी शिंपडत हुते," सुमन हळूच म्हणाली. "जित्त्या जिवाला कसलं सुतक, दादा?" पोतं बाजूला केलं तर ओल्या मातीचा दणकून वास आला. चार दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा राब उरकला होता; तिनं वाफ्यावर तळहात टेकवला, अगदी अक्कासारखाच. "गार हाय," म्हणाली, आणि मडकं उपडं केलं.

गेल्या बाजारात सुमन रोपांच्या जुड्या घेऊन बसली होती. एकही रोप मेलं नव्हतं, मला कोणाकोणाला सांगू असं झालं होतं. अक्का गेल्याचं ठाऊक नसलेल्या एका म्हाताऱ्यानं जुडी उचलून मुळ्या निरखल्या. "गंगक्काचीच न्हवं ही?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. तिनंच कालवलंय."